निवृत्तीनंतर मनाची घडी कशी बसवावी

महाराष्ट्रात ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत निरोपसमारंभांची एकच गर्दी उडते. पूर्वी खेड्यापाड्यांत मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी सरळ १ जून लिहून टाकत, आणि कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेली ती सारी मुले ५८ वर्षांची होऊन एकाच दिवशी निवृत्त होतात. शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात आणि ‘आता आराम करा’ असा आशीर्वादवजा आदेश प्रत्येकाला मिळतो. खरी अडचण त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होते. राहून गेलेले प्रवास उरकतात, कपाटे आवरून होतात, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे मार्गी लागतात, आणि सकाळी दहा वाजता आपली वाट पाहणारे कोणीच उरलेले नाही, हे एका दिवशी अचानक ध्यानात येते. त्या दिवसापासून पुढे काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. उतारवयातील मानसिक स्वास्थ्य म्हणजे सतत आनंदी असणे, असे आपण धरून चालतो आणि मग हास्यक्लब, सहली, भजनी मंडळ अशा ‘वेळ घालवण्याच्या’ उपायांमागे लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. स्वतःचा आहे तसा स्वीकार, जिव्हाळ्याची नाती, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मुभा, रोजच्या व्यवहारावर पकड, जगण्याला हेतू आणि आपण अजून वाढत आहोत ही जाणीव, अशी सहा अंगे त्यांनी मांडली आणि निरनिराळ्या वयोगटांची तुलना केली. वयाबरोबर व्यवहारावरची पकड आणि स्वतःच्या मताने चालण्याची वृत्ती वाढत जाते, असे त्यांना दिसले. मात्र हेतू आणि वाढ ही दोन अंगे मध्यम वयाच्या लोकांपेक्षा वृद्धांत स्पष्टपणे कमी आढळली. म्हणजे उतारवयात मन सगळीकडून ढासळते असे नाही. ते विशिष्ट ठिकाणी झिजते, आणि डागडुजीही तिथेच करावी लागते. हास्यक्लबात जाऊन हसण्याला माझा विरोध नाही, पण त्याने हेतूचा प्रश्न सुटत नाही.

प्रथम शरीराकडे पाहावे

मनाचे उपाय सुरू करण्यापूर्वी काही साध्या तपासण्या करून घेणे शहाणपणाचे आहे, कारण उदासी, थकवा, विसराळूपणा आणि चिडचिड या तक्रारींमागे कित्येकदा शारीरिक कारण असते. रक्तातील थायरॉइडची पातळी, हिमोग्लोबिन आणि ब-१२ जीवनसत्त्व हे तीन आकडे तरी पाहावेत. ब-१२ मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळत असल्याने शाकाहारी माणसात त्याची कमतरता बरीच आढळते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी रोजची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यात तो धोका आणखी वाढतो.

दुसरी तपासणी कानांची. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. बोलणे ऐकू येते पण उलगडत नाही. मग माणूस लग्नकार्यात कोपऱ्यात बसू लागतो, फोन टाळतो, आणि घरातले लोक ‘बाबा हल्ली गप्प गप्प असतात’ म्हणतात. श्रवणयंत्राची आपल्याकडे लोकांना विनाकारण लाज वाटते. चष्म्याची कोणालाच वाटत नाही. यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आणि पंख्याचा आवाज नकोसा होतो, आणि त्याच काळात बहुतेक यंत्रे कपाटात जातात. म्हणून सुरुवातीला ते घरात, शांत वेळी, रोज एक-दोन तास वापरावे आणि वेळ हळूहळू वाढवावा. घरच्यांनीही ओरडून बोलण्याऐवजी समोर येऊन, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे.

झोपेबद्दल थोडक्यात. वय वाढते तशी गाढ झोप कमी होते आणि झोपेचे घड्याळ अलीकडे सरकते. रात्री साडेआठला डोळा लागून पहाटे साडेतीनला जाग येणाऱ्या माणसाची झोप सात तासांची झालेली असते. त्याला निद्रानाश म्हणता येत नाही. अशांनी दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत बाहेर थांबावे. पाय आणि तोल यांची काळजीही शेवटी मनाच्याच खात्यात जमा होते, कारण एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या भीतीने घराबाहेर निघेनासा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढील लोकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालणे किंवा तशाच मध्यम श्रमाचा व्यायाम, दोन दिवस स्नायूंचा आणि तीन दिवस तोलाचा व्यायाम सुचवला आहे. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे हा त्यातला घरच्या घरी करता येणारा सर्वांत सोपा प्रकार आहे.

कोणाचे तरी अडेल असे काम

हेतू हा शब्द मोठा वाटतो, म्हणून मी त्याची एक व्यवहारी कसोटी वापरतो. आपण करतो आहोत ते काम उद्या केले नाही, तर कोणाचे काही अडेल काय? वर्तमानपत्र वाचले नाही तर कोणाचे अडत नाही. वाचनालयात मंगळवारी पुस्तकांच्या नोंदी करायला गेलो नाही तर ग्रंथपालाचा फोन येतो. पहिल्या कामात वेळ जातो आणि दुसऱ्यात आपली गणती होते, एवढाच दोहोंतला फरक. पण नोकरी सुटल्यावर जे हरवते ते नेमके हेच असते. पगाराची सोय निवृत्तिवेतनाने काही अंशी होते, गणतीची मात्र आपली आपणच करावी लागते.

अशा कामाची निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्याला ठरलेला वार आणि ठरलेली वेळ असावी. ‘सवडीने येत जा’ असे सांगणाऱ्या संस्थेत दोन महिन्यांनी कोणी जात नाही. त्यात आपल्याहून तरुण माणसांशी संबंध यावा. आणि त्यात काहीतरी नव्याने शिकावे लागावे, कारण रिफ यांच्या यादीतील वाढ हे दुसरे झिजणारे अंग त्याशिवाय सांभाळले जात नाही. महापालिकेच्या शाळेत वाचनात मागे पडलेल्या चार मुलांना आठवड्यातून दोनदा वाचायला बसवणे, सोसायटीचे हिशेब संगणकावर ठेवणे, ज्येष्ठ नागरिक संघातल्या सभासदांना बँकेचे आणि विम्याचे अर्ज भरून देणे, ही कामे या कसोटीला उतरतात. ज्येष्ठ नागरिक संघ आता तालुक्याच्या गावांतही आहेत आणि त्यांतील अनेक संघ फेस्कॉम या राज्यव्यापी महासंघाशी जोडलेले आहेत. तिथे नुसते सभासद होण्यापेक्षा एखादी जबाबदारी मागून घ्यावी. मात्र निवृत्त झाल्याबरोबर पाच समित्या अंगावर घेऊ नयेत. मी स्वतः ती चूक केली आणि वर्षभरात चार ठिकाणी राजीनामे देऊन काही माणसे दुखावली.

उशिरा सुरू केलेल्या कामाचे मोल काय, अशी शंका येत असेल तर धोंडो केशव कर्वे यांच्याकडे पाहावे. १८५८ मध्ये जन्मलेल्या कर्व्यांनी १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जिथे शाळा नाही अशा खेड्यांत प्राथमिक शिक्षण पोहोचवण्यासाठी मंडळ काढले आणि १९४४ मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघाची स्थापना केली. त्यांचे आयुष्य शंभरीपार गेले, आणि त्यांच्या झपाट्याची नक्कल आपण करावी असे कोणी म्हणणार नाही. मला त्यांच्यातली एकच गोष्ट इथे दाखवायची आहे: ते मागच्या कामाची जपमाळ ओढत बसले नाहीत, त्यांनी पुढचे काम वयाला झेपेल अशा आकाराचे निवडले.

हा आकार निवडण्याची रीत पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९० मध्ये नेमकेपणाने सांगितली. त्यांचा आवडता दाखला पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचा. ऐंशीच्या घरात असताना हात पूर्वीसारखे चालत नसूनही मैफल कशी रंगते, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले होते की ते मोजक्याच रचना वाजवतात, त्यांचा रियाज जास्त करतात आणि वेगवान भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ ठेवतात, म्हणजे पुढचा वेग ऐकणाऱ्याला अधिक वाटतो. निवड, कसून सराव आणि उणीव भरून काढणारी युक्ती, या तीन पायऱ्या कोणत्याही स्वयंपाकघरात लागू पडतात. दिवाळीचे सगळे फराळाचे पदार्थ एकटीने करणे आता जमत नाही, म्हणून फराळच सोडून देण्याची गरज नाही. ज्या करंज्यांसाठी घरचे वाट पाहतात तेवढ्या करंज्या ठेवाव्यात, सारण आदल्या दिवशी करावे, लाटायला नातवंडांना बसवावे आणि चकल्या खुशाल विकत आणाव्यात.

घरातली निवृत्ती

येथे स्त्रियांविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. गृहिणीला निवृत्तीची तारीख नसते. उलट नवरा निवृत्त झाला की तिचा दिवस वाढतो. दहा ते पाच हे जे तिचे स्वतःचे तास होते, त्यांत आता दोनदा चहा, ‘माझा चष्मा कुठे आहे’ आणि फोडणीवरची टीका येते. यावर बोलून, शक्यतो पहिल्याच महिन्यात, वाटणी करावी. नवऱ्याने ‘मदत’ करू नये, एक संपूर्ण काम घ्यावे. भाजीचे घेतले तर काय आणायचे हे ठरवण्यापासून ती निवडून डब्यात भरेपर्यंत सारे त्याचे. दुपारचे दोन तास दोघांनी एकमेकांना काही न विचारण्याचे ठेवावेत. हे लिहिताना हसू येते, पण संघात कानावर येणाऱ्या निम्म्या कुरबुरींचे मूळ इथेच असते.

माणसे कमी, पण आपली

वय वाढल्यावर ओळखीचे वर्तुळ आकसते, याची फार चिंता करू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेनसन यांच्या अभ्यासाने दाखवले आहे की पुढचा काळ मर्यादित आहे ही जाणीव झाली की माणूस आपणहून वरवरच्या ओळखी गाळतो आणि जवळच्यांवर वेळ खर्च करतो, आणि त्यात त्याचे समाधान टिकते. प्रश्न जवळचे म्हणावे असे दोन-तीनजणही उरले नाहीत तर निर्माण होतो. त्यासाठी मन मोकळे करता येईल अशा तिघांची नावे खरोखर कागदावर लिहावीत. त्यांतला निदान एक आपल्याच गावात राहणारा आणि एक आपल्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान असावा. रोज सकाळी फुलांच्या चित्रासह पाठवलेले ‘शुभ सकाळ’ या हिशेबात धरू नये. राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास ७५ वर्षांपुढील व्यक्तींना २०२२ पासून विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयोगटाला आणि २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्यात आहे. महिन्यातून एकदा जुन्या मित्राच्या किंवा बहिणीच्या गावी जाऊन येण्यासाठी याहून चांगली सोय नाही.

मुले परदेशी असली तर फोनची वेळ दोन्हीकडे सोयीची असावी. अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे असतो, तेव्हा आपल्या रविवारी संध्याकाळी साडेसातला तिकडे रविवारचीच सकाळ असते आणि कोणी घाईत नसते. ‘जेवलात का’ या प्रश्नावर संभाषण दोन मिनिटांत आटोपते. त्याऐवजी त्यांच्याकडून काही मागावे: नातीने शाळेत वाचलेली गोष्ट सांगावी, सुनेने तिच्या कामातला एखादा पेच समजावून द्यावा, मुलाने आमटीची कृती विचारून आपल्यासमोर ती करून पाहावी.

निर्णय आपल्या हाती

काळजीपोटी मुले वडीलधाऱ्यांचे निर्णय हळूहळू स्वतःकडे घेतात, आणि वडीलधारेही ‘आता आमचे काय, पिकले पान’ म्हणत ते देऊन टाकतात. हे वाक्य वाटते तितके निरुपद्रवी नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ऑक्सफर्ड या गावातल्या लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन मानसशास्त्रज्ञ बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये दाखवले की स्वतःच्या वार्धक्याकडे चांगल्या नजरेने पाहणारे लोक तसे न पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले. केवळ नजर बदलल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ काढणे घाईचे होईल, पण मनातल्या मनात निकालात निघालेला माणूस औषध, चालणे आणि माणसे यांकडेही दुर्लक्ष करतो, हे रोज दिसते.

म्हणून बँकेचे खाते, घराची किल्ली आणि डॉक्टरांशी बोलणे, या तीन गोष्टी बुद्धी शाबूत असेपर्यंत स्वतःकडे ठेवाव्यात. दवाखान्यात मुलगा सोबत असला तरी प्रश्नांची उत्तरे आपण द्यावीत. मृत्युपत्र करून ठेवावे. त्याला मुद्रांक कागद लागत नाही आणि नोंदणीची सक्ती नाही, परंतु दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. हयातीत घर मुलांच्या नावे करायचेच असेल तर ‘शेवटपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावेत, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ खाली अशी अट मोडल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. हे मुलांवर अविश्वास दाखवणे नव्हे. हातात काही राखून असलेला माणूस घरात मोकळेपणाने वावरतो.

मागे वळून पाहणे

म्हातारी माणसे त्याच त्या आठवणी सांगतात, अशी थट्टा होते. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये याच सवयीला आयुष्याचा आढावा असे नाव देऊन ती उतारवयातील मनाची स्वाभाविक आणि उपयोगी क्रिया असल्याचे सांगितले. तो आढावा रीतसर घेता येतो. आठवड्यातून दोनदा अर्धा तास वही घेऊन बसावे आणि एकच प्रसंग लिहावा. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल तर सार्वजनिक घटनेचे बोट धरावे: १९६१ चा पानशेतचा पूर आला तेव्हा आपण कुठे होतो, १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे घरात काय घडले, १९७२ च्या दुष्काळात सुकडी कोणी खाल्ली आणि खडी कोणी फोडली. तिथून आपोआप आई, वाडा, पहिला पगार, न झालेले लग्न यांवर हात जातो. लिहिता येत नसेल तर नातवाने मोबाइलवर बोलणे ध्वनिमुद्रित करावे.

एक पथ्य मात्र पाळावे. एखादी सल वारंवार वर येऊन तीच ती कटुता घोळू लागली, तर ती एकट्याने उकरत बसू नये. समंजस मित्रासमोर किंवा समुपदेशकासमोर ती बोलावी. जिवंत माणसाशी मिटवता येण्याजोगे काही असेल तर पत्र लिहावे. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात तर असा आढावा सुरूच करू नये. त्या वर्षी घर विकू नये, शक्यतो गाव बदलू नये, जेवण आणि झोप यांच्या वेळा तेवढ्या सांभाळाव्यात, आणि भेटायला येणाऱ्यांना गेलेल्या माणसाविषयी बोलू द्यावे.

डॉक्टरांकडे कधी जावे

वृद्धांचे नैराश्य ‘मी दुःखी आहे’ असे सांगत येत नाही. ते अंगदुखी, पोटाच्या तक्रारी, जेवणावरची उडालेली वासना, चिडचिड, ‘काही लक्षात राहत नाही’ अशा वेषात येते. आवडीच्या गोष्टीतला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेला असेल तर त्याला वयाचे लक्षण समजून गप्प बसू नये. आपल्या विसराळूपणाची तक्रार माणूस स्वतः पुन्हा पुन्हा करत असेल तर मागे बहुधा उदासी असते, आणि घरच्यांच्या लक्षात येते पण त्याला स्वतःला पटत नाही अशा वेळी स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी. दोन्हींचा निवाडा तपासणीनेच होतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस अचानक बरळू लागला तर तो मनाचा प्रश्न नव्हे. जंतुसंसर्ग, सोडियमची घट किंवा औषधाचा परिणाम असू शकतो, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

‘देवा, आता उचल मला’ हे आपल्याकडे सवयीचे वाक्य आहे आणि प्रत्येक वेळी त्याने घाबरण्याचे कारण नाही. पण त्याच्या जोडीला ‘माझ्यामुळे तुम्हाला सगळा त्रास’ असे बोलणे, वस्तू वाटून टाकणे, गोळ्या साठवणे किंवा जेवण सोडणे दिसले तर ‘जीव द्यावासा वाटतो का’ असे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी माणसाला एकटे सोडू नये, गोळ्या आणि कीटकनाशके हाताशी ठेवू नयेत आणि डॉक्टर गाठावा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. छळ, एकटेपणा किंवा कायद्याची माहिती यांसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ वर आहे.

पहिल्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णांसह, एका पिशवीत घालून न्याव्यात. डॉक्टर कदाचित हो-नाही अशी उत्तरे असलेले पंधरा प्रश्न विचारतील. ही प्रश्नावली खास ज्येष्ठांसाठी बनवलेली आहे, आणि झोप-भूक वयाने तशीही बदलत असल्यामुळे त्यांचे प्रश्न तीत मुद्दाम घेतलेले नाहीत. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, उतारवयात कधी त्याहूनही जास्त, म्हणून आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून ती सोडू नयेत. यांतील काही औषधांनी वृद्धांच्या रक्तातील सोडियम उतरते, तेव्हा ते कधी तपासायचे हे विचारून घ्यावे. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू केलेली झोपेची गोळी चालू असेल तर ती लपवू नये. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, पण त्या एकदम बंद करणेही घातक असते, त्यामुळे त्या टप्प्याटप्प्याने कशा कमी करायच्या हे कागदावर लिहून मागावे आणि पुढच्या भेटीची तारीख ठरवूनच दवाखान्यातून निघावे.